प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन

१८९६ ला मुंबईत प्लेग घुसला, लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हा ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवर लस बनवायला बसले. १० जानेवारी १८९७ ला पहिला डोस त्यांनी स्वतःच घेतला. ताप आला, पण निभावलं. मग भायखळा तुरुंगातले तयार झालेले कैदी. आज असली चाचणी कुणी मान्य करणार नाही.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. खापर मात्र हाफकिन यांच्यावर फुटलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, तेव्हा भारत सोडून त्यांना दहाएक वर्षं झाली होती.