रंगांतून रोगाकडे : पॉल एर्लिख

लिंबायतच्या परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ कापडावर चालतो. सुती कापडाला पक्का बसणारा रंग पॉलिएस्टरला धरत नाही, हे रंगाईच्या कामावर जाणाऱ्या कोणासही ठाऊक असते. याच साध्या गोष्टीचा आयुष्यभर पाठपुरावा करून वैद्यकाला नवी दृष्टी देणाऱ्या पॉल एर्लिख यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी झाला. तेव्हा प्रशियात असलेले हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आईच्या नात्यातील कार्ल वायगर्ट या वैद्यांमुळे त्यांना कापडाचे कृत्रिम रंग पेशींवर चढवून पाहण्याचा नाद लागला. १८७८ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. १८८६ मध्ये मेथिलीन ब्लू या रंगाने जिवंत मज्जातंतू निळे होतात, हे त्यांनी दाखविले. अमुक पेशी अमुकच रंग का धरते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मध्यंतरी क्षयाने गाठले. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते बरे होऊन परतले आणि पुन्हा कामास लागले.

१८९७ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक घडणीचे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे विष त्यांत अडकते. मग पेशी तसेच ग्राही विपुल निर्माण करून रक्तात सोडते. तीच प्रतिपिंडे होत. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ फेरफार झाले. परंतु नेमक्या जुळणीची कल्पना टिकली. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१० मध्ये उपदंशावरील त्यांचे ‘६०६’ हे औषध आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

शरीर स्वतःचाच घात करणारी प्रतिपिंडे निर्माण करण्याचे टाळते, असे एर्लिख यांचे मत होते. तो नियम अभंग नाही, हे पुढे दिसून आले आणि ते पाहण्यास रंगच उपयोगी पडले. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. प्रतिपिंड जेथे चिकटेल, तेथे सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश दिसू लागला. २००७ मध्ये मेंदूच्या एका विकाराचे मूळ उमगले. त्यात रुग्णाचीच प्रतिपिंडे मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहींना चिकटतात. धडधाकट तरुण मुलगी अचानक भ्रमिष्टासारखी वागू लागते, तिला झटके येतात आणि घरच्यांना वेड लागल्याचा भास होतो. आता रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रव तो ग्राही असलेल्या पेशींवर घालतात आणि वरून चमकणारे प्रतिपिंड सोडतात. पेशी उजळल्या की निदान होते. वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात.

म्हणून घरात असा प्रसंग आल्यास गंडेदोरे न करता रुग्णास तत्काळ इस्पितळात न्यावे, एवढे आम्ही आमच्या वाचकांस विनवितो.