नको असलेल्या मुलांची शिक्षिका : डॉ. मारिया माँटेसरी

गावोगावच्या बालवाड्यांच्या पाट्यांवर ‘माँटेसरी’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. पुष्कळांना ते एखाद्या इयत्तेचे नाव वाटते. वस्तुतः ते एका इटालियन स्त्रीचे आडनाव आहे आणि ही स्त्री आपल्याच कॅथोलिक ख्रिस्तसभेची कन्या होती. तिच्या शिक्षणपद्धतीचा उगम सुखवस्तू घरांतील मुलांच्या शाळेत झाला नाही. तो झाला रोममधील मनोरुग्णालयात, कोणालाच नको असलेल्या मुलांच्या सहवासात. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची चिंता आज आपल्या अनेक कुटुंबांना सतावीत आहे. अशा वेळी डॉ. माँटेसरी यांचे चरित्र पुन्हा एकदा नजरेखालून घालणे उचित ठरेल, असे आम्हांस वाटते.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या कियाराव्हाल्ले या गावी झाला. वडील आलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे सुशिक्षित आणि वाचनाची आवड असलेली होती. मारिया पाच वर्षांच्या असताना हे कुटुंब रोमला आले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे अशी त्या काळची समजूत होती. मारियांनी मात्र वैद्यकशास्त्राचा ध्यास घेतला. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करण्याची स्त्रीला मुभा नव्हती. म्हणून इतर विद्यार्थी निघून गेल्यावर त्यांना एकटीनेच हा अभ्यास करावा लागे. १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी संपादन केली. डॉक्टर झालेल्या इटलीतील पहिल्या काही मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

पदवीनंतर विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात त्या साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. कामानिमित्त त्यांना शहरातील मनोरुग्णालयांत जावे लागे. त्या काळी बुद्धीने मंद समजली जाणारी मुले वेड्या माणसांबरोबरच कोंडून ठेवलेली असत. अशाच एका उघड्याबोडक्या खोलीतील प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. जेवण झाल्यावर मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचण्यासाठी धडपडत होती. देखरेख करणाऱ्या बाईला ती हावरट वाटली. मारियांनी सभोवार पाहिले, तेव्हा त्या खोलीत हातात घेण्यासारखी एकही वस्तू त्यांना दिसली नाही. मुलांची भूक अन्नाची नव्हती. त्यांच्या हातांना आणि मनाला काही तरी हवे होते.

या दृष्टीने शोध घेताना त्यांना दोन फ्रेंच डॉक्टरांचे लेखन सापडले. त्यांपैकी इटार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आव्हेराँच्या जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला माणसांत आणण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी शिक्षणाची पद्धत व साधने तयार केली होती. मारियांनी या दोघांचे ग्रंथ इटालियन भाषेत स्वहस्ते उतरवून काढले. या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा अधिक आहे, असे त्यांचे मत झाले. १८९८ साली तुरीन येथील शिक्षण परिषदेत त्यांनी ते जाहीरपणे मांडले.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी एक संस्था उघडण्यात आली. तिचे संचालन मारिया आणि त्यांचे सहकारी डॉ. ज्युझेप्पे माँटेसानो यांच्याकडे होते. मारिया सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत स्वतः मुलांना शिकवीत आणि रात्री दिवसभराच्या निरीक्षणांच्या नोंदी करीत. त्यांच्या वर्गातील अकरा वर्षांच्या एका मुलीला हातात बळ असूनही शिवणकाम काही केल्या जमेना. मारियांनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी खालून-वरून घालण्याची सवय बोटांना झाल्यावर ती मुलगी सहज शिवू लागली. जे काम जमत नाही तेच पुनःपुन्हा करून घेण्यापेक्षा त्या कामाची पूर्वतयारी करून द्यावी, हा धडा मारियांना तिच्याकडून मिळाला.

अक्षरांच्या बाबतीतही त्यांनी हाच मार्ग अवलंबिला. लाकडी अक्षरे घडवून त्यांवरून मुलांना बोटे फिरवायला लावली. पुढे पैशांच्या अभावी पुठ्ठ्यावर खरकागद चिकटवून अक्षरे करण्यात आली. मूल लिहिण्याच्याच दिशेने बोट फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारी. अशा प्रकारे डोळा, कान व हात एकाच वेळी शिकत. सेगँ यांच्याकडून घेतलेला त्यांचा पाठ तीन टप्प्यांचा असे. प्रथम वस्तूचे नाव सांगावयाचे, मग त्या नावाची वस्तू दाखवावयास सांगावयाचे आणि शेवटी नाव विचारावयाचे. मूल चुकले, तर शिक्षिकेने त्याला चूक दाखवू नये; पाठ तेथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. मनोरुग्णालयातून आलेली काही मुले या रीतीने लिहा-वाचायला शिकली. सर्वसामान्य मुलांबरोबर ती सार्वजनिक शाळेच्या परीक्षेस बसली आणि उत्तीर्णही झाली. लोकांनी हा चमत्कार मानला. मारियांना मात्र निराळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर येऊ शकतात, तर निरोगी मुलांना आपल्या शाळा एवढ्या खाली का रोखून धरतात?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक दुःखही घडत होते. डॉ. माँटेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ साली मारिओ हा पुत्र झाला. त्यांचा विवाह झाला नाही. त्या काळच्या समाजात अशा मातेला स्थान नव्हते. मारिओला खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढविण्यात आले आणि तो किशोरवयीन झाल्यावरच आईकडे राहू शकला. थोर व्यक्तींच्या चरित्रातील अशा गोष्टी झाकून ठेवण्याची प्रथा आहे. आम्हांस ते योग्य वाटत नाही. इतरांनी दूर सारलेल्या मुलांना जवळ घेणारी ही माता आपल्या मुलापासून दुरावलेली होती, हे जाणून घेतल्याने तिच्याविषयीचा आदर कमी होत नाही.

१९०१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले ‘बालकांचे घर’ उघडले. दिवसभर कामावर जाणाऱ्या मजुरांची सुमारे पन्नास मुले तेथे होती. मनोरुग्णालयातील मुलांसाठी बनविलेली साधने आता या मुलांच्या हाती आली. त्या वर्षीच्या डिसेंबरात एके दिवशी गच्चीवर असताना मारियांनी एका मुलाला खडूने धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. चित्र काढून झाले आणि त्याने कोणी न सांगता जमिनीवर शब्द लिहावयास सुरुवात केली. तो हर्षभरित झाला. त्याच्यामागोमाग इतरही मुले लिहू लागली.

ख्रिस्तसभेतही त्यांच्या कार्याचे स्वागत झाले. १९०८ च्या मेस्सिना भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी रोममधील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यांच्या पद्धतीची शाळा चालली. पुढे बार्सिलोना येथे मुलांसाठी खास प्रार्थनामंदिर सजविण्यात आले. तेथे खुर्च्या लहान होत्या आणि पवित्र पाण्याचे पात्र मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर होते. पवित्र मिस्साच्या भाकरीसाठी गहू व द्राक्षारसासाठी द्राक्षे मुलांनी स्वतः लावली.

१९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारिओंना तेव्हाच्या अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध केले. मारियांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांची सुटका झाली. युद्धकाळात मायलेकांनी भारतात राहून एक हजारांहून अधिक शिक्षक तयार केले.

त्यांच्या विचारांचे बीज आपल्या भूमीतही रुजले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी परदेशी साधने आदिवासी पाड्यांवर कोठून येणार? या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांचीच साधने केली. मनोरुग्णालयातील मुलांना जे हवे होते, तेच येथल्या मुलांनाही मिळाले.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नूर्डवाइक येथे डॉ. माँटेसरी निवर्तल्या. तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्या चिरविश्रांती घेत आहेत.

आज त्यांचे नाव पाटीवर लावणाऱ्या काही शाळा प्रवेशापूर्वी तीन वर्षांच्या मुलाची चाचणी घेतात आणि मागे पडणाऱ्याला दारातूनच परत पाठवितात. ज्यांच्यामुळे ही पद्धत जन्मास आली, त्याच मुलांना हे दार बंद व्हावे, यासारखा दुर्दैवाचा खेळ नाही. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणारे, काना-मात्रा गाळणारे, तोंडी सारे सांगूनही वहीत दोन ओळी न लिहू शकणारे मूल आळशी किंवा ढ असेलच असे नाही. त्यास अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने तिला मान्यता दिली आहे. तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घेतल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. परंतु केवळ सवलतीने मूल शिकत नाही. त्याला निराळ्या वाटेने नेणारे उपचारात्मक शिक्षण आणि चुकल्यावर न रागावणारे माणूस हवे असते.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना पाठ न होणारे एखादे मूल मागच्या बाकावर बसलेले असते. प्रथम पवित्र कम्युनियनच्या तयारीत त्याला सर्वांसमोर उभे करून खजील करण्याऐवजी त्याच्या हाती काही तरी द्यावे. एखादे चित्र, मातीचा दिवा किंवा गव्हाची ओंबीसुद्धा पुरेशी आहे. लहानग्यांना आपल्याकडे येऊ देणाऱ्या प्रभू येशूने त्यांची परीक्षा घेतली नव्हती. आपल्या कुटुंबांना, शिक्षकांना व धर्मशिक्षकांना तशीच दृष्टी लाभो, अशी आम्ही प्रार्थना करतो.