सेवाग्रामच्या बडी बहनजी : डॉ. सुशीला नायर

आमच्या वडनेरात कुणी जास्त आजारी पडलं की मोठी माणसं सेवाग्रामच्या दवाखान्याचं नाव काढतात. तो दवाखाना कोणी उभा केला, हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी जी माहिती दिली ती मी आपल्या भित्तिपत्रकासाठी लिहीत आहे.

डॉ. सुशीला नायर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह या गावी झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे मोठे भाऊ प्यारेलाल हे गांधीजींचे चिटणीस होते. सुशीलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या. त्या काळी पुष्कळ मुली शाळेतसुद्धा जात नव्हत्या. मग डॉक्टर होणं केवढी मोठी गोष्ट!

१९३९ साली त्या सेवाग्रामला आल्या. तेव्हा त्या फक्त २४ वर्षांच्या होत्या. शहरात दवाखाना टाकला असता तर पैसा मिळाला असता, पण त्या आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहिल्या. थोड्याच दिवसांत तिथे पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. ती घाण पाण्यातून पसरते. ढाळ आणि वांत्या होऊन अंगातलं पाणी जातं आणि एका दिवसातही माणूस दगावतो. अशा वेळी त्यांनी जवळजवळ एकट्यानं सगळे रोगी सांभाळले. पुढे त्या गांधीजींच्याही डॉक्टर झाल्या.

१९४२ च्या चळवळीत त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गांधीजी व कस्तुरबांसोबत कैदेत होत्या. तिथे कस्तुरबा फार आजारी पडल्या. सुशीलाबाईंनी त्यांची खूप सेवा केली. पण २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा वारल्या. डॉक्टर असून आपल्या माणसाला वाचवता आलं नाही, याचं त्यांना किती वाईट वाटलं असेल असं माझ्या मनात येतं. पण त्या रडत बसल्या नाहीत. सुटून आल्यावर त्यांनी सेवाग्रामात बायका व मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू केला. त्याला कस्तुरबांचंच नाव दिलं. मला ही गोष्ट सर्वांत जास्त आवडली.

नंतर त्या अमेरिकेत जाऊन आणखी शिकल्या आणि परत आल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या भारताच्या आरोग्यमंत्री होत्या. एवढं मोठं पद मिळालं तरी त्या खेडं विसरल्या नाहीत. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला डॉक्टरकीचं कॉलेज काढलं. खेड्यात निघालेलं ते देशातलं पहिलंच असं कॉलेज होय. तिथली मुलं-मुली खादी घालतात. आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात आणि मग खेड्यात राहून घरोघरी जातात. जवळच्या गावांतले शेतकरी हंगामाला दवाखान्यासाठी ज्वारी देत. त्या ज्वारीच्या बदल्यात त्यांना औषधपाणी मिळे. हातात पैसा नाही म्हणून कुणी घरी दुखणं काढत बसू नये, म्हणून ही युक्ती होती.

सुशीलाबाईंनी लग्न केलं नाही. त्या रोज प्रार्थना करीत. देवावर आणि गांधीजींच्या शिकवणीवर त्यांची श्रद्धा होती, आणि रोग्याची सेवा हीच त्यांची पूजा होती. सारे त्यांना बडी बहनजी म्हणत. ३ जानेवारी २००१ रोजी त्या वारल्या. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण त्यांचा दवाखाना आजही चालू आहे.

मित्रांनो, आपल्याला एवढं मोठं काम आज जमणार नाही. पण पिण्याचं पाणी झाकून ठेवणं, जेवणाआधी हात धुणं आणि विहिरीजवळ घाण न करणं एवढं तर जमेल! आलेल्या पालकांनाही माझी विनंती आहे की मुलींना खूप शिकवा. आपल्या वडनेरातूनही एक डॉक्टरीणबाई व्हायला पाहिजे.

अशा या थोर डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार.

वर्ग ४ था, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, वडनेर