दुधाच्या कॅनमधलं न गोठणारं रक्त, उंदराचं औषध आणि हार्ट व्हॉल्व्हच्या पेशंटची गोळी : कार्ल लिंक यांची गोष्ट

हार्टचा मेटलचा व्हॉल्व्ह बसवलेला माणूस घरात असेल, तर त्या घरात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे रोज ठरलेल्या वेळी घ्यायची छोटीशी गोळी. दुसरी म्हणजे रिपोर्टची फाइल, ज्यातला आयएनआर नावाचा आकडा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो.

गोळीचं नाव बऱ्याचदा वॉरफरिन असतं. एखादा उत्साही नातेवाईक हे नाव गुगलवर टाकतो आणि घाबरतो. कारण तिथं लिहिलेलं असतं की हे उंदीर मारायचं औषध आहे.

ते खरंच आहे. वॉरफरिन बाजारात आलं तेव्हा उंदीर मारण्यासाठीच आलं होतं. मग तेच औषध माणसाचा जीव कसं काय वाचवतं? याचं उत्तर कार्ल पॉल लिंक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडतं.

पाद्रीबाबांच्या घरातला मुलगा

कार्ल लिंक यांचा जन्म 31 जानेवारी 1901 चा. गाव अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ला पोर्ट. वडील लुथरन चर्चचे पाद्री, घराणं मूळचं जर्मन आणि घरात दहा भावंडं.

विस्कॉन्सिन विद्यापीठात लिंक यांनी शेतीचं रसायनशास्त्र घेतलं आणि 1925 मध्ये तिथूनच पीएचडी केली. त्यानंतर ते युरोपला गेले. स्कॉटलंड, ऑस्ट्रियातलं ग्राझ आणि स्वित्झर्लंडमधलं झुरिक अशा तीन ठिकाणी ते शिकले. ग्राझमध्ये त्यांचे गुरू होते फ्रिट्झ प्रेगल, ज्यांना अगदी थोड्या पदार्थाचं अचूक विश्लेषण करण्याच्या पद्धतीसाठी 1923 चं नोबेल मिळालं होतं. चिमूटभर पदार्थातून उत्तर काढायची ही विद्या लिंक यांना पुढे फार उपयोगी पडली.

युरोपातच त्यांना टीबीने गाठलं. त्यातून सावरून 1927 मध्ये ते विस्कॉन्सिनला परतले आणि मॅडिसन शहरातल्या आपल्याच विद्यापीठात शिकवायला लागले.

माणूस जरा वेगळाच होता. मोठा बो टाय, फ्लॅनेलचा शर्ट आणि वाढलेले केस हा त्यांचा अवतार. कॅम्पसमध्ये ते लांबूनही ओळखू यायचे.

हिमवादळातला शेतकरी

त्या काळात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गुरांना एक विचित्र आजार व्हायचा. शिंग कापलं किंवा साधी जखम झाली तरी रक्त थांबायचंच नाही. काही जनावरं जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन मरायची.

कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी 1920 च्या दशकात यामागचं कारण शोधलं होतं. स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला बुरशी लागली आणि तो गुरांनी खाल्ला, की हा आजार व्हायचा. चांगल्या, सुक्या चाऱ्याने काही होत नव्हतं. पण बुरशीमुळे चाऱ्यात नेमकं काय तयार होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

फेब्रुवारी 1933 मधला शनिवार. बाहेर हिमवादळ. डियर पार्क गावाजवळचा एक शेतकरी जवळपास 300 किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, सडलेल्या क्लोव्हरचा ढीग आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं रक्त. ते रक्त गोठलेलं नव्हतं.

त्याला सरकारी पशुवैद्याचं ऑफिस गाठायचं होतं, पण ते बंद होतं. फिरत फिरत तो बायोकेमिस्ट्रीच्या इमारतीत आला आणि लिंक यांच्या लॅबचं दार त्याला उघडं मिळालं.

लिंक त्याला फार काही देऊ शकले नाहीत. हा चारा बंद कर आणि जमलं तर आजारी गुरांना निरोगी जनावराचं रक्त दे, एवढंच त्यांनी सांगितलं. 1933 म्हणजे महामंदीचा काळ. त्या शेतकऱ्याकडे दुसरा चारा घ्यायला पैसे कुठून येणार? तो तसाच वादळातून परत गेला.

पण कॅन तिथंच राहिला. लिंक आणि त्यांचे जर्मन सहकारी ऑयगेन शोफेल उशिरापर्यंत त्या रक्ताकडे बघत बसले. शोफेल त्यात पुन्हा पुन्हा हात घालून बघत होते. रक्त काही गोठत नव्हतं. त्या दिवशी लिंक यांच्या कामाची दिशा ठरली.

सहा वर्षं आणि भरपूर ससे

चाऱ्यातला पदार्थ शोधायला सहा वर्षं लागली. एवढा वेळ का लागला, यातच या गोष्टीची खरी मेख आहे.

चाऱ्यात शेकडो रसायनं असतात. एकेक भाग वेगळा काढायचा आणि दोषी पदार्थ त्यात आहे का ते तपासायचं, असं काम होतं. पण तपासायचं कसं? जनावर मरायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रक्त गोठायला किती उशीर होतोय, हे आकड्यात मोजता यायला हवं होतं.

इथं कामी आले आर्मंड क्विक. हे डॉक्टरही विस्कॉन्सिनचेच. त्यांनी 1935 मध्ये प्रोथ्रोम्बिन टाइम नावाची चाचणी मांडली. रक्तातल्या प्लाझ्मामध्ये थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम मिसळायचं आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, अशी ती साधी पद्धत. लिंक यांच्या टीमने या चाचणीत आपल्या गरजेप्रमाणे बदल केले आणि सशांवर प्रयोग सुरू केले. चाऱ्याचा अमुक भाग सशाला दिल्यावर सेकंद किती वाढले, यावरून कोणता भाग पुढे न्यायचा हे ठरायला लागलं.

28 जून 1939 ला लिंक यांचा विद्यार्थी हॅरॉल्ड कॅम्पबेल याला रात्रभर काम केल्यावर त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक दिसले. किती? अवघे काही मिलिग्रॅम. 1940 मध्ये त्याची रचना उलगडली आणि तो लॅबमध्ये बनवताही आला. नाव पडलं डायकुमारॉल.

क्लोव्हरला ताज्या गवताचा जो गोड वास येतो, तो कुमारिन या रसायनामुळे. चारा सडला की बुरशी या कुमारिनचं डायकुमारॉल करते.

हा पदार्थ व्हिटॅमिन केच्या कामात आडवा येतो. रक्त गोठवणारे काही घटक लिव्हर व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार करतं. ती मदत थांबली की नवे घटक नीट बनत नाहीत आणि गुठळी उशिरा होते. म्हणजे आपण ज्याला रक्त पातळ करणं म्हणतो, त्यात रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. ते फक्त गोठायला जास्त वेळ घेतं. जुने घटक संपायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायलाही दोन-तीन दिवस जातात.

1941 पासून मेयो क्लिनिकसारख्या ठिकाणी डायकुमारॉल माणसांना देणं सुरू झालं. व्हिटॅमिन के दिलं की या औषधाचा परिणाम उलटवता येतो, हे लिंक डॉक्टरांना सांगत राहिले.

हॉस्पिटलच्या खाटेवर सुचलेलं उंदराचं औषध

1945 मध्ये लिंक यांचा टीबी उलटला. सॅनिटोरियममध्ये कित्येक महिने पडून राहावं लागलं. वेळ घालवायला त्यांनी उंदीर आणि उंदीर मारण्याच्या इतिहासावर वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांच्या मनात आलं की आपल्या लॅबमधला पदार्थ इथं चालेल.

डायकुमारॉल उंदरांवर फारच सावकाश काम करायचं. पण लॅबने त्याच्यासारखी दीडशेच्या आसपास रसायनं बनवून ठेवली होती. बरे झाल्यावर लिंक यांनी ती यादी पुन्हा काढली. त्यातला 42 नंबरचा पदार्थ कामाचा निघाला.

हे संशोधन विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या पैशावर चाललं होतं. या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचं होतं वॉर्फ. त्याला कुमारिनमधला शेवटचा भाग जोडला आणि वॉरफरिन हे नाव तयार झालं. 1948 मध्ये ते उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं आणि तुफान खपलं. उंदीर लगेच मरत नसल्यामुळे बाकीच्या उंदरांना त्या खाण्याचा संशयच यायचा नाही.

हे माणसाला द्यायचं म्हटल्यावर डॉक्टर बिचकणारच. पण 1951 मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव द्यायच्या हेतूने हेच औषध बरेच दिवस घेतलं. हॉस्पिटलमध्ये रक्त आणि व्हिटॅमिन के दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. या औषधाचा परिणाम उलटवता येतो, हे सगळ्यांना दिसलं.

1954 मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी परवानगी मिळाली. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला आणि त्यांच्या उपचारातही वॉरफरिन वापरलं गेलं. मग लोकांची भीतीही कमी झाली. लिंक यांना 1955 आणि 1960 असा दोनदा लास्कर पुरस्कार मिळाला.

त्यांचा स्वभाव मात्र बदलला नाही. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांना छळणारे सिनेटर मॅकार्थी हे विस्कॉन्सिनचेच. त्यांच्याच राज्यात लिंक डाव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनांच्या मागे उभे राहत होते. 21 नोव्हेंबर 1978 ला त्यांचं निधन झालं. चाचणी देणारे आर्मंड क्विकही त्याच वर्षी गेले.

मोजमाप लॅबमधून घरात आलं

1960 मध्ये अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांच्या कृत्रिम व्हॉल्व्हने नवं पर्व सुरू झालं. पण धातूचा व्हॉल्व्ह शरीराला परका असतो आणि त्यावर गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून अशा पेशंटना गोळी जन्मभर घ्यावी लागते. डाबिगाट्रान या नव्या औषधाची मेटल व्हॉल्व्हच्या पेशंटवरची चाचणी 2012 मध्ये थांबवावी लागली होती, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. त्यामुळे या पेशंटसाठी आजही वॉरफरिन किंवा त्याच जातीची औषधंच वापरतात.

पण डोस कमी पडला तर गुठळी आणि जास्त झाला तर रक्तस्राव. विष आणि औषध यांच्यात फरक फक्त मोजण्याचा आहे.

वेगवेगळ्या लॅबमधलं थ्रोम्बोप्लास्टिन वेगळं असल्यामुळे क्विक यांच्या चाचणीचे आकडे जुळायचे नाहीत. म्हणून 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे सामायिक माप आणलं. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. मेटल व्हॉल्व्हवाल्यांचा साधारण 2 ते 3 किंवा 2.5 ते 3.5 ठेवतात. तुमच्यासाठी कोणता, हे व्हॉल्व्ह कुठं आणि कोणता आहे ते बघून डॉक्टर ठरवतात.

आता हीच चाचणी हातात मावणाऱ्या मशीनवर होते. पट्टीवर थ्रोम्बोप्लास्टिन आधीच लावलेलं असतं. बोटातल्या रक्ताचा थेंब पट्टीवर पडला की मशीन गोठण्याचा वेळ मोजून आयएनआर दाखवतं. घरच्या घरी आयएनआर बघणाऱ्या पेशंटच्या 11 चाचण्यांचा एकत्र अभ्यास 2012 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात 6 हजारांहून जास्त लोक होते. गुठळ्यांचा धोका जवळपास निम्मा झाला होता आणि मोठे रक्तस्राव वाढले नव्हते.

असं मशीन घ्यायचा विचार असेल, तर या गोष्टी लक्षात ठेवा :

- आधी डॉक्टरांशी बोला. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम किंवा खूप कमी हिमोग्लोबिन असेल तर मशीनचा आकडा चुकू शकतो.
- सुरुवातीचे काही आकडे लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघा. फरक जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- हात कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. बोटाच्या कडेला टोचा, जोरात पिळू नका आणि थेंब लगेच पट्टीवर घ्या.
- पट्ट्यांची एक्सपायरी बघा. पाकीट किंवा डबी उघडी ठेवू नका. पट्ट्यांचा खर्च कायमचा आहे, तो मशीन घेण्याआधीच विचारून घ्या.
- तारीख, आकडा आणि डोस वहीत लिहा. आकडा बघून स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका.
- पालक, मेथीसारख्या पालेभाज्यांमध्ये व्हिटॅमिन के भरपूर असतं. त्या बंद करायची गरज नाही, पण प्रमाण एकदम बदलू नका. पेनकिलर, अँटिबायोटिक किंवा काढे डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- काळी शी, न थांबणारं रक्त, अचानक तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर मशीन काढून बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

1933 च्या त्या शनिवारी शेतकऱ्याने रक्ताचा अख्खा कॅन 300 किलोमीटरवर नेला होता आणि उत्तर न घेताच परत गेला होता. आज तेच उत्तर घरात बसून एका थेंबात मिळतं. ते वेळच्या वेळी बघितलं आणि डॉक्टरांना कळवलं, तर उंदराचं हे औषध माणसाला वर्षानुवर्षं सांभाळतं.