मोलेसरशास्त्री

इंग्रजी शब्द आणि मराठी अर्थ यांची गाठ घालण्यात ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्या जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांची ओळख आपल्या मंडळाच्या वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला या वर्षी वाटले. निमित्त घरोघरचेच आहे. आपली मुले परीक्षांसाठी अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतात. डावीकडे शब्द, उजवीकडे एक अर्थ. परीक्षा झाली की दोन्ही विसरतात. शब्द खरोखर कसा शिकावा, हे मोल्सवर्थ यांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म १७९५ सालचा, इंग्लंडातला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात आले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मराठी मुलखाचा कारभार कंपनीच्या हाती आला. फिर्याद ऐकायची, सारा ठरवायचा, जुनी कागदपत्रे वाचायची, तर साहेबाला मराठी यायला हवी होती. कोशाची गरज निर्माण झाली ती या कारणाने. मोल्सवर्थ यांचे काम राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी सुरू झाले, हे आपण विसरू नये. पण सोयीपुरते ते राहिले नाही, हेही तितकेच खरे.

त्यांच्याआधी कोश नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८१० साली श्रीरामपूरला छापला गेला होता. त्यातले मराठी शब्द मोडीत होते. व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ साली मुंबईत निघाला. पण नित्याच्या बोलण्यातले असंख्य शब्द या कोशांबाहेर राहिले होते. मोल्सवर्थ यांनी मराठी आणि संस्कृतचा अभ्यास केला, स्वतः शब्द टिपायला सुरुवात केली आणि पुढे सरकारने हे काम त्यांच्यावर सोपवले. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे बंधू मदतीला आले. सोबतीला शास्त्री-पंडितांचे मंडळ होते.

कोणताही शब्द अमुक ग्रंथात आहे म्हणून घ्यायचा आणि नाही म्हणून टाकायचा, अशी त्यांची रीत नव्हती. लोकांच्या तोंडी जे आहे ते कोशात आले पाहिजे, मग ते शेतकऱ्याचे असो, बायकांच्या बोलण्यातले असो, बाजारातले असो की पूजेतले. म्हणून त्यांच्या कोशात संस्कृत शब्दाशेजारी फारसी-अरबीतून आलेला शब्द बसतो आणि तो कुठून आला याची खूणही पुढे असते. गावंढळ म्हणून ज्यांची लाज वाटावी असे शब्दही त्यांनी गाळले नाहीत. आणि शब्दापाठोपाठ म्हणी, वाक्प्रचार येतात, कारण शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ पुरता कळत नाही.

१८३१ साली मुंबईत हा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. दरम्यान मोल्सवर्थ यांच्या मनात वेगळेच वादळ उठले होते. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि सैनिकाचा पेशा आपल्या धर्माला धरून नाही, असे त्यांना वाटू लागले होते. त्यांनी लष्कराची नोकरी सोडली. शब्दांचे काम मात्र सोडले नाही.

पुढचे काम उलट बाजूचे होते: इंग्रजी शब्द घेऊन त्याला मराठी अर्थ द्यायचे. आपल्या मुलांच्या याद्यांशी या कामाचे थेट नाते आहे. मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ देताना 'माहेर', 'सोवळे', 'उष्टे' अशा शब्दांपाशी अडायला होते. इंग्रजीत तसा एक शब्द नाही, तेव्हा वर्णन करावे लागते. इंग्रजीकडून मराठीकडे येताना अडचण उलटी होते. एका 'कझिन'साठी चुलत, आते, मामे, मावस यांतले नाते विचारूनच पुढे जावे लागते. 'प्राइड'ला अभिमान म्हणावे, गर्व म्हणावे की ताठा? मुलगा पहिला आला तर आईला होतो तो अभिमान. त्याच मुलाने शेजाऱ्याशी बोलणे सोडले तर तो ताठा. 'फ्रुगल' म्हणजे काटकसरी आणि 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू. खर्च दोघेही कमीच करतात, पण एकाची आपण स्तुती करतो आणि दुसऱ्याला नावे ठेवतो. यादीत दोघांसमोर 'कमी खर्च करणारा' एवढेच लिहिले, तर मूल शब्द पाठ करील, पण वापरताना काटकसरी आजोबांना चिक्कू म्हणून मोकळे होईल.

हे काम हाती असतानाच मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळली. १८३६ साली त्यांना इंग्लंडला परतावे लागले आणि इंग्रजी-मराठी कोश अर्धवट राहिला. थॉमस कँडी यांनी तो पुढे नेला आणि १८४७ साली पूर्ण करून प्रसिद्ध केला. काम मोल्सवर्थ यांनी आरंभले आणि आपण पुरे केले, असे त्या कोशाच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. दुसऱ्याचे श्रेय इतक्या सरळपणे देणे आजही सर्रास आढळत नाही.

मोल्सवर्थ यांची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. पहिल्या कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढायचे ठरले, तेव्हा त्यांना पुन्हा बोलावणे गेले. पन्नाशी उलटलेला, प्रकृतीने दगा दिल्यामुळे एकदा हा देश सोडून गेलेला हा माणूस १८५१ साली पुन्हा समुद्र ओलांडून आला. महाबळेश्वरच्या थंड हवेत राहून त्यांनी कोश पुन्हा शब्दाशब्दाने तपासला. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली होती. पुढे ते कायमचे मायदेशी परतले आणि १८७१ साली तिथेच वारले.

मराठी माणसाने त्यांच्या नावाला आपले वळण देऊन त्यांना 'मोलेसरशास्त्री' केले. परक्याला शास्त्री म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. या कामाचा एक धागा आपल्या बेळगावशीही जुळतो. इथे जन्मलेले बाबा पदमनजी यांनी मोल्सवर्थ यांच्या कोशाचा संक्षेप करून तो १८६३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याच्या हाती मावेल असा कोश हवा, ही गरज त्यांनी ओळखली. मूळ मोठा कोश १९७५ साली पुण्यात पुन्हा छापला गेला आणि आज तो संगणकावरही पाहता येतो.

आपल्यासारख्या सीमेवरच्या किंवा दूर स्थिरावलेल्या घरांत मुले शाळेत एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि घरात तिसरी बोलतात. त्यांना नवा इंग्रजी शब्द भेटतो तेव्हा त्याच्या अर्थासाठी मराठी शब्द मनात तयार नसतो. मग इंग्रजी शब्द नुसता पाठ होतो आणि मराठी शब्द तर भेटतच नाही. नुकसान दोन्ही भाषांचे होते. म्हणून आमची एक सूचना आहे. मुलाने दिवसाला वीस शब्द पाठ करण्यापेक्षा तीनच घ्यावेत. प्रत्येकाला घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मराठी शब्द शोधावा, एक सापडला की त्याच्या जवळचा दुसरा विचारावा आणि दोघांत फरक काय ते वाक्यात घालून पाहावे. आजीला इंग्रजी येत नसेल, तरी काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक ती कोणत्याही यादीपेक्षा चांगला सांगेल.

मोल्सवर्थ यांनी याहून वेगळे काही केले नाही. ज्यांची भाषा होती त्यांना त्यांनी विचारले, ऐकले आणि लिहून ठेवले. आपल्याला तर विचारण्यासाठी समुद्र ओलांडायचा नाही, स्वयंपाकघरापर्यंत जायचे आहे.