विश्लेषण : संगणक नसताना फाळकेंनी आगकाड्या पडद्यावर कशा नाचवल्या?

अ‍ॅनिमेशनमध्ये करिअर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आज पहिला प्रश्न पडतो तो कोणता अभ्यासक्रम निवडावा आणि कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हा. भारतात अ‍ॅनिमेशनचे सुरुवातीचे प्रयोग ज्यांच्या नावावर आहेत, त्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्यापुढे यातले काहीच नव्हते. चाळिशीपर्यंत त्यांनी इतके व्यवसाय बदलले, की त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध भरकटलेला वाटावा. प्रत्यक्षात त्यातली जवळपास प्रत्येक विद्या पुढे कामी आली.

शिक्षण कोठे झाले?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण असे हाताला लागेल ते ते त्यांनी शिकून घेतले. छपाईसाठी ठसे तयार करण्याचे तंत्रही आत्मसात केले.

जादूच्या छंदाचा काय संबंध?

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय सुरू केला. तेथेच प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दगावले. याच काळात एका जादूगाराकडून त्यांनी हातचलाखी शिकली. पुढे आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोगही करत. प्रेक्षकाची नजर कोठे खिळवायची आणि त्याला काय दिसू द्यायचे नाही, याचे शिक्षण त्यांना या छंदातून मिळाले.

स्थिर नोकरी का सोडली?

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या वातावरणात ती सोडून ते लोणावळ्यात छपाईच्या धंद्यात उतरले. राजा रवि वर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले, १९०९ मध्ये रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी जर्मनीला गेले. मात्र भागीदारांशी बिनसले आणि चांगला चाललेला छापखानाही सुटला.

ध्येय केव्हा ठरले?

गिरगावातील तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. असेच राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. ते रोज चित्रपट पाहू लागले, रात्री जागून प्रयोग करू लागले. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दृष्टीच धोक्यात आली. उपचारांनी ती परतली. त्यानंतर विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा मागवून परतले.

वाटाण्याच्या रोपाने काय साधले?

कमाई नसलेल्या चाळिशीच्या माणसाला पैसे देणार कोण? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने त्याचे एकेक चित्र कॅमेऱ्यात टिपत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत घडताना दिसली. ‘अंकुराची वाढ’ या लघुपटामुळे भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही त्यांनी केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आगकाड्या कशा हलल्या?

वाटाण्याच्या रोपाचे तंत्रच येथे वापरले गेले. रोप आपोआप वाढते. काडी मात्र हाताने सरकवावी लागते. काडी किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या हालचालीसाठी जवळपास हजार वेळा तीच कसरत! महायुद्धामुळे फिल्म आणि पैसा दोन्हींची चणचण असताना, १९१५ मध्ये, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. ना नट, ना वेशभूषा, ना सेट. खर्च होता तो वेळेचा आणि चिकाटीचा.

पुढे काय झाले?

‘लंकादहन’ (१९१७) आणि कन्या मंदाकिनी कृष्ण झालेल्या ‘कालिया मर्दन’ने (१९१९) फाळकेंचे नाव देशभर झाले. पण बोलपटांच्या युगात ते मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाही. आजचा अ‍ॅनिमेटर कोणतेही सॉफ्टवेअर वापरो, पुढच्या चित्रात वस्तू किती सरकवायची हा फाळकेंपुढचा प्रश्न त्याच्याही पुढे असतोच.