आइन्स्टाईनच्या दोन शंका

एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने दोन प्रकल्पांना मंजुरी दिली. एक, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची लायगो-इंडिया वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून ती गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. दुसरा, राष्ट्रीय क्वांटम मिशन. 2,000 किलोमीटरपर्यंत क्वांटम संपर्क हे त्याचे एक उद्दिष्ट. दोहोंचे मूळ अल्बर्ट आइन्स्टाईन यांच्याकडे जाते. गंमत अशी, की दोन्हींबद्दल त्यांनी शंका घेतली होती.

1879 मध्ये जर्मनीतील उल्म येथे जन्मलेले आइन्स्टाईन नाझी राजवटीमुळे 1933 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. 1935 मध्ये पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह त्यांनी क्वांटम सिद्धांताच्या वर्मावर बोट ठेवले. एकमेकांत गुंतलेले दोन कण कितीही दूर गेले, तरी एकाच्या मोजणीवरून दुसऱ्याचे उत्तर कळते. हे सांगणारा सिद्धांत अपुरा आहे, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी कधीच सोडले नाही.

पुढे जॉन बेल यांनी 1964 मध्ये कसोटी सुचवली आणि प्रयोगांचा कौल आइन्स्टाईन यांच्या विरोधात गेला. आज अशाच जोड्यांवर क्वांटम जाळे विणायचे आहे. त्यांतून निरोप धावत नाही. दोन टोकांना एकच गुप्त किल्ली मिळते आणि चोरून पाहणारा पकडला जातो. अडचण अंतराची. 100 किलोमीटर फायबरमधून शंभरातला जेमतेम एक प्रकाशकण पोहोचतो आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल होत नसल्याने वाटेत तो वाढवताही येत नाही. म्हणून हिंगोली-मुंबई जोडायचे तर टप्पे हवेत. प्रत्येक थांब्यावर दोन्ही बाजूंचा एकेक कण एकत्र मोजला, की टोकाचे कण कधीही न भेटता गुंततात. पण अशी जोडी एकदाच वापरता येते, शिवाय लवकर विरते. एसटीचा रस्ता रोज तोच असतो. इथे दर फेरीला रस्ता नव्याने बांधायचा आणि तो मोडण्याआधी मार्ग ठरवायचा.

दुसरी शंका 1936 ची. 1916 मध्ये स्वतःच वर्तवलेल्या गुरुत्वीय लहरी नसतातच, असा निबंध त्यांनी रोझेनसह लिहिला. नियतकालिकाने तो परीक्षणाला पाठवल्याच्या रागात मागेही घेतला. नंतर चूक उमगली. सुधारित निबंध 1937 मध्ये दुसरीकडे छापून आला.

डिसेंबर 1948 मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या पोटातील महाधमनीच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले. ओबडधोबड वाटणाऱ्या त्या उपायाने सहा वर्षे दिली. एप्रिल 1955 मध्ये फुगा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. रुग्णालयात चष्मा आणि अपुऱ्या गणिताचे कागद मागवून घेतले. 18 एप्रिलच्या पहाटे ते गेले. गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष सापडायला अजून साठ वर्षे होती.